पंप बदलण्याआधी वायर तपासा: जुन्या गाडीच्या फ्यूल पंपाचा विजेचा दोष कसा शोधावा

ओंकारेश्वरहून परतत होतो. मे महिना, मागच्या सीटवर आई आणि मावशी. भेरूघाटाच्या चढावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. चाळीसेक मिनिटं झाडाखाली बसलो, मग सहज किल्ली फिरवली तर लगेच सुरू! इंदूरला आल्यावर मेकॅनिकने दोन मिनिटांत निदान केलं, "भिया, टंकी की मोटर गई." नवा पंप बसला, पैसे दिले. तीन आठवड्यांनी भंवरकुआच्या सिग्नलला गाडी पुन्हा तशीच बसली.

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले. ते हुकुमचंद मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. मिल १९९१ साली बंद पडली, तरी काकांची हत्यारांची पेटी अजून उघडी असते. मी त्यांना सांगितलं, "काका, पंपाच्या कपलरवर बारा व्होल्ट येतायत, मी मीटरने पाहिलं." ते हसले. "मीटरला भूक नसते रे. भूक लागलेलं काहीतरी लाव, मग बघ." आणि पेटीतून त्यांनी हेडलाईटचा जुना बल्ब काढला, दोन लांब वायरी जोडलेला.

मीटर वायरीतून करंट जवळजवळ ओढतच नाही. त्यामुळे वायरीचे सगळे तंतू तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर बिनदिक्कत बारा दाखवतो. पंप मात्र चार-पाच अँपिअर खातो. आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं तेव्हाचा अनुभव आठवा. नळ बंद असताना पाईपात दाब असतोच. पाईपात गाळ किती आहे ते नळ सोडल्यावर कळतं. या लेखातल्या बहुतेक तपासण्या म्हणजे नळ सोडून बघणं आहे.

लेख एमपीएफआय पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे टाकीत विजेचा पंप असलेल्या. पद्मिनी, अँबेसेडर किंवा पहिल्या काळातली कार्ब्युरेटरवाली ८०० असेल तर तिचा पंप इंजिनच्या कॅमवर चालतो. तिथे यातलं काही लागू नाही.

आधी जिवाची काळजी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत आणि सीटखालच्या खळग्यात साचून राहते. म्हणून काम उघड्यावर करा, बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. पेट्रोलचा वास येत असेल तर विजेची तपासणी थांबवा आणि आधी गळती शोधा. जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीला उपयोगाची नाही.

पंपाजवळचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढायचा किंवा लावायचा असेल तेव्हा बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा. टाकीचं झाकण किंवा पंपाची प्लेट उघडी असताना विजेची एकही तपासणी करायची नाही (अपवाद फक्त पुढे सांगितलेला, झाकण उघडून पंपाचा आवाज ऐकायचा). आणि आपल्याकडची ती जुनी सवय, वायर बॉडीला टेकवून ठिणगी बघायची, ती तर अजिबात नको. टाकीजवळ ती जीवघेणी आहे, आणि शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो.

पेट्रोलची लाईन सोडायची वेळ आलीच, तर आधी दाब उतरवा. इंजिन चालू असेल तर पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेल. मग दोनदा सेल्फ मारा. या लेखातल्या कामांसाठी मात्र लाईन सोडावी लागत नाही.

लागणारं सामान

साधा डिजिटल मल्टीमीटर (इंदूरच्या महाराणी रोडवर ढिगाने मिळतात, पण १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला घ्या), त्याच्या टोकांना लावायला दोन बारीक पिना, चार-पाच मीटर लांब वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज असलेली छोटी जंपर वायर, आणि बल्ब. बल्ब ५५ वॉटचा हॅलोजन असेल तर तो साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे जवळपास पंपाइतकाच. फक्त तो भयंकर तापतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, तापतो कमी, पण दोषही थोडा कमी दाखवतो.

पंपाचाच दोष आहे ना?

टाकीत पेट्रोल आहे का ते आधी बघा. हसू नका, वीस वर्षांच्या गाडीचा काटा खोटं बोलतो. पाच लिटर टाकून बघितल्यावर सुरू झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

मग टाकीचं बाहेरचं झाकण उघडून कान लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी किल्ली ऑनवर न्यायला सांगा, सेल्फ न मारता. बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येऊन थांबतो. ईसीयू लाईनमध्ये दाब भरून घेतो आणि इंजिन फिरताना दिसलं नाही की पंप बंद करतो. ऐकून झालं की झाकण लावून टाका.

आवाज येतो, पण सेल्फ मारल्यावर गाडी पेटत नाही, असं असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. पुष्कळ गाड्यांत तो थोडा तरी हलतो. अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या: ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून तो पंपही चालवत नाही आणि स्पार्कही देत नाही. इमोबिलायझरचा (चोरी अडवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर भानगड किल्लीची आहे. फोर्ड आणि फियाटच्या बऱ्याच गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारा स्विच असतो. जोराच्या खड्ड्यातही तो उडू शकतो. त्याचं बटण दाबलं की काम झालं. त्याची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आवाजच येत नसेल, कधी येतो कधी नाही असं असेल, किंवा आवाज येऊनही गाडी माझ्यासारखी चढावर बसत असेल, तर पुढे वाचा.

बॅटरी, फ्यूज, रिले

इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट हवी. सेल्फ मारताना ती दहाच्या फार खाली जाऊ नये. बॅटरी मेलेली असेल तर पुढची सगळी मापं फसवी येतील, म्हणून ती आधी चार्ज करून घ्या.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. किल्ली ऑन केल्यावर पहिल्या दोन सेकंदांत त्याच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना मीटर लावा. दोन्हीकडे बॅटरीइतके व्होल्ट हवेत. उडाला असेल तर त्याच आकड्याचा नवा लावा. वीसचा किंवा तीसचा नको, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नकोच. नवाही लगेच उडाला तर पंपाचा कपलर सोडून पुन्हा बघा: तरी उडतोय म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे, आणि आता उडत नाही म्हणजे पंप आतून जाम आहे.

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच: कॉइलला थोडी वीज मिळाली की आतला कॉन्टॅक्ट जुळतो आणि पंपाला वीज जाते. तो तपासायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा किंवा रेडिएटर पंख्याचा रिले हुबेहूब तोच, त्याच नंबरचा असेल तर तो इकडे लावून बघा. किल्ली ऑन करताना रिलेवर बोट ठेवा, टिक् जाणवते. पण टिक् झालं म्हणून रिले चांगला, असं मानू नका. टिक् ही कॉइलची. आतला कॉन्टॅक्ट जळालेला असला तरी ती येते. जुन्या रिलेंमध्ये आतल्या पट्टीवरचा झाळही तडकतो. गाडी उन्हात तापली की पंप बंद, संध्याकाळी चालू, या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. झाकण काढून भिंगाने बघितलं तर पिनेभोवती बारीक गोल चीर दिसते. नव्याने झाळ दिला की तो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

रिलेच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे छापलेले असतील तर काम सोपं. ३० वर वीज येते, ८७ वरून पंपाकडे जाते, ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन बाजू. सगळ्याच कंपन्या हे आकडे छापत नाहीत. मग रिलेवरची आकृती बघा. रिले काढा आणि फ्यूजवाल्या जंपरने सॉकेटमधली ३० आणि ८७ जोडा. पंप घुमला तर रिलेपासून टाकीपर्यंतचा रस्ता निदान उघडा तरी आहे, आणि संशय रिलेवर किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूवर जातो. ती बाजू तपासायला सॉकेटच्या ८५ आणि ८६ मध्ये मीटर लावून किल्ली ऑन करा. दोन सेकंद बारा व्होल्ट दिसून गेले पाहिजेत. दिसले तर ईसीयू आपलं काम करतोय, दोष रिलेचाच. न दिसल्यास कॉइलला वीज देणारा मेन रिले आधी बघा. ईसीयूवर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा.

जंपर काम संपलं की काढा. तो लावून गाडी चालवत राहणारे लोक आहेत. अपघातात इंजिन बंद पडलं तरी त्यांचा पंप पेट्रोल फेकतच राहणार.

टाकीपाशी: खरी तपासणी

इथे घाई करू नका. माझा दोष इथेच सापडला.

मागची सीट उचला किंवा डिकीतली पत्र्याची झाकणी उघडा. पंपाच्या कपलरमध्ये बहुधा चार वायरी दिसतात. दोन जाड, त्या पंपाच्या. दोन बारीक, त्या पेट्रोलच्या काट्याच्या. कपलर सोडायचा नाही. तो जोडलेलाच असू द्या आणि वायरीच्या मागच्या बाजूने पिना हळूच आत सरकवा. पुढे रिलेच्या जागी जंपर लावून पंप चालू ठेवा. आता मीटर डीसी २० वर ठेवून तीन मापं घ्यायची.

पहिलं माप पंपाच्या दोन जाड वायरींमधलं. दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपाच्या पॉझिटिव्हपर्यंत. लांब वायर यासाठीच आणली. तिसरं पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. दुसरं आणि तिसरं माप म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. जाताना अर्धा व्होल्ट गळाला तर जुन्या गाडीत चालवून घ्यावं, परतीच्या वाटेवर ०.२ पेक्षा जास्त नको.

माझ्या गाडीची मापं अशी आली: बॅटरी १२.४, पंपावर ८.९, पॉझिटिव्हच्या वाटेत ०.४, अर्थिंगच्या, म्हणजे परतीच्या, वाटेत ३.१. शेवटच्या तिन्हींची बेरीज बॅटरीइतकी येते का ते बघा. येत नसेल तर कुठेतरी पिन नीट लागलेली नाही.

अर्थिंगमध्ये तीन व्होल्ट! पंप चार अँपिअर घेत होता, म्हणजे त्या जोडात पाऊण ओहमच्या आसपास विरोध होता. गंमत अशी की हाच जोड मी आधी ओहमवर तपासला होता आणि मीटरने एकच्या आत काहीतरी दाखवलं होतं. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढं दाखवतात, म्हणून मी "ठीक आहे" म्हणून पुढे गेलो होतो. म्हणून म्हणतो, या कामात ओहम विसरा, पंप चालवून व्होल्ट मोजा.

नऊ व्होल्टवर पंप फिरतो, आवाजही येतो, पण लाईनमध्ये लागतो तेवढा दाब धरत नाही (बहुतेक गाड्यांत तो अडीच ते तीन बारच्या आसपास; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये). सपाट रस्त्यावर निभावून जातं. घाटात इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, जोड तापून आणखी बिघडतो आणि गाडी बसते. गार झाला की पुन्हा चालू. नव्या पंपाने तीन आठवडे का साथ दिली, तेही मग उमगलं: पंप बदलताना सीट निघाली, वायरी ओढल्या गेल्या, स्क्रूखालचा गंज थोडा खरवडला गेला. गुण पंपाचा नव्हता.

पंप मुळीच फिरत नसेल तर ही मापं घेता येत नाहीत. तिथे काकांचा बल्ब. बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, पंपाचा कपलर काढा, गाडीच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन जाड वायरींना बल्ब जोडा आणि बल्ब दाराबाहेर, टाकीपासून लांब फरशीवर ठेवा. सगळं घट्ट बसल्यावरच बॅटरी जोडा आणि जंपर लावा, म्हणजे ठिणगी पडलीच तरी ती बॉनेटखाली पडेल. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग निर्दोष, पंप बदला. मिणमिणता पेटला तर मीटरवर बारा व्होल्ट असले तरी वाट खराब आहे. वरचीच मापं बल्बवर घ्या.

सापडल्यावर दुरुस्ती

माझा अर्थिंगचा स्क्रू मागच्या सीटच्या कार्पेटखाली होता. पावसाळ्यात दाराच्या रबरातून पाणी आत येतं, कार्पेट ओलं राहतं, आणि कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. बॅटरी सोडून स्क्रू काढला, खालचा पत्रा आणि वायरीची रिंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. क्रम महत्त्वाचा आहे: धातूला धातू आधी, जेली नंतर, फक्त पाणी अडवायला. पुन्हा मोजलं: पंपावर ११.९, पॉझिटिव्हच्या वाटेत ०.४, अर्थिंगमध्ये ०.१. खर्च म्हणाल तर एक वॉशर.

कपलर तपकिरी पडला असेल किंवा प्लॅस्टिक वितळलं असेल तर पिन घासून भागत नाही. तापलेल्या पिनेची पकड गेलेली असते. कपलर वायरीच्या तुकड्यासकट बदला. नवी वायर मूळच्यापेक्षा बारीक नको, आणि गाडीसाठीची अनेक तंतूंची घ्या. घरातल्या बोर्डाची एकेरी तारेची वायर कंपनांनी तुटते. जोड क्रिंप करून त्यावर तापवून आवळणारी नळी चढवा. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड दुसऱ्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो.

कधी बंद पडते, कधी नाही

सगळ्यात छळणारा प्रकार हाच, कारण मेकॅनिककडे नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. यावर उपाय म्हणजे दोन वायरींचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर, मोटरसायकलवर लावतात तसला. तो एक अँपिअरच्या फ्यूजमधून पंपाच्या दोन जाड वायरींना जोडा आणि वायरी सीटखालून नेऊन डॅशबोर्डवर ठेवा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चार्ज करत असतो, त्यामुळे तेराच्या आसपास आकडा दिसेल. गाडी आचके देईल तेव्हा बाजूला बसलेल्याने तो वाचायचा. आकडा तेराच राहिला आणि गाडी बसली तर पंप किंवा फिल्टर. हळूहळू घसरत दहा-नऊवर आला तर कुठला तरी जोड. एकदम शून्य झाला तर रिले, फ्यूज, किंवा पंप बंद करणारा ईसीयू. आठवडाभर असा आकडा बघत गाडी चालवली की अंदाजाने घातलेले चार पार्ट वाचतात.

आवाज येत नसताना टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने हलकं थोपटल्यावर पंप सुरू झाला तर त्याचे ब्रश संपत आलेत. तिथे पंपच बदलायचा.

पंपाची तब्येत करंटवरूनही कळते. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर रिलेच्या जागी, जंपरऐवजी लावा. तीन ते सहा अँपिअर साधारण ठीक. फारच जास्त येत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप जड झालाय. व्होल्ट पूर्ण आणि करंट शून्य, तर पंप आतून तुटलाय. माप झाल्यावर लाल वायर आठवणीने मूळ जागी घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना मीटरच शॉर्ट होईल. मी एक मीटर असाच जाळला आहे.

सीएनजी किट असेल तर

इंदुरात पुष्कळ जुन्या गाड्यांना बाहेरून किट बसवलेलं दिसतं. बसवणाऱ्याने पंपाची वायर कापून मध्ये आपला रिले टाकला असेल तर वरची सगळी तपासणी त्या रिलेवरही करा. मूळ वायरिंगच्या आकृतीत तो सापडणार नाही. पंपाच्या जाड वायरीचा माग हाताने काढावा लागतो. बाहेरून बसवलेल्या सिक्युरिटी अलार्मचंही तसंच.

काही किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो. गॅस स्वस्त म्हणून टाकीत दोन लिटर ठेवून वर्षभर फिरणाऱ्यांचे पंप याच कारणाने जळतात, आणि मग तिथे दोष वायरीचा निघत नाही. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, आणि रोज सकाळी पहिले दोन किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा; पंप बिघडत चालला असेल तर ते घराजवळच कळेल.

रस्त्यातच अडकलात तर

भेरूघाटात मला हे माहीत असतं तर चाळीस मिनिटं वाचली असती. किल्ली ऑन करून आवाज ऐका. नसेल तर फ्यूज काढून परत दाबून बसवा, हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो पंपाच्या जागी लावा. तरीही नसेल, किंवा आवाज येऊनही गाडी पेटत नसेल, तर मागची सीट उचला, कपलर न उघडता त्याच्या वायरी आणि अर्थिंगचा स्क्रू हलवून, आवळून बघा. वास येत असेल तर मात्र काहीही न हलवता सगळ्यांना गाडीपासून लांब उभं करा आणि टोईंगवाल्याला फोन लावा. माझ्या गाडीत आता एक स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जादा रिले कायम असतो. हॉर्नशिवाय घाट उतरणं काही खरं नाही.